एकशे अठरा अँपिअर

हाताने अंदाज सांगणाऱ्या माणसांचा मला लहानपणापासून राग. त्याला कारण माझी आई. हर्णेच्या बंदरात संध्याकाळी लिलावाला मासळी घ्यायची, सकाळी दापोलीत नेऊन विकायची, असं तिचं वर्षानुवर्षं चाललेलं. सुरमई शेपटीला धरून उचलली की ती वजन सांगायची. गिऱ्हाईक काटा मागायचं, काट्यावरही तेवढंच भरायचं, आणि आई माझ्याकडे बघून भुवया उडवायची. मी गणितात बरी होते. एकदा तरी हिचं चुकावं म्हणून मी टपून बसायचे. ते चुकायचं नाही, आणि मी आणखी चिडायचे. पुढे मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला तो काट्याची बाजू घेण्यासाठीच, असं ती अजून पाहुण्यांना सांगते.

डिप्लोमानंतर दोन-तीन ठिकाणी धक्के खाऊन मी घराजवळच्या बॉक्साइटच्या खाणीत सुपरवायझर म्हणून लागले. खाण वर सड्याच्या कातळपठारावर, जेट्टी खाली खाडीच्या तोंडाशी, आणि मधला उतार असा की पायी उतरतानाही गुडघे बोलतात. त्या उतारावर रूळ टाकलेले होते. भरलेली ट्रॉली तारेच्या दोराने हळूहळू खाली सोडायची, बार्जमध्ये, म्हणजे माल नेणाऱ्या सपाट बोटीत, रिकामी करायची आणि परत वर ओढून घ्यायची. हे सगळं करणारं यंत्र म्हणजे विंच. मोठी मोटर, तिच्या जोडीला गिअरबॉक्स, दोर गुंडाळणारा ड्रम आणि ब्रेक. शिवाय अडीअडचणीला ड्रमवर एक हातब्रेक. मोटर जळली तर काम थांबतं, एवढंच. ब्रेक गेला तर खाली माणसं असतात.

विंच चालवणारे काका आमच्याच किनाऱ्यावरचे. खाणीत येण्याआधी ते मच्छीमारी बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट ज्याच्या शब्दावर चालते तो माणूस. बोट सोडून वीस वर्षं झाली होती तरी खाणीत सगळे त्यांना तांडेलच म्हणत. मी तांडेलकाका म्हणायचे. चार लोकांत ते मला मॅडम म्हणत आणि कोणी नसलं की बाय. विंच चालवताना त्यांची एक तऱ्हा होती. चपला काढून डावा पाय लोखंडी फरशीवर टेकायचा आणि पायाला जी थरथर लागेल त्यावरून ट्रॉली कुठे आहे, भरलेली आहे की रिकामी, हे ओळखायचं. सुरक्षेचे बूट घाला म्हणून मी तीनदा लेखी दिलं होतं. तीनही वेळा त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि चपला काढल्या.

त्या वर्षी पाऊस संपता संपता ते माझ्यामागे लागले. ब्रेक हलका लागतोय, म्हणायचे. मी मेकॅनिकला पाठवलं, त्याने वरवर पाहिलं, सगळं जागच्या जागी होतं. काका पुन्हा आले. पूर्वी ब्रेक कसा चावायचा, आता नुसता धरतो, असं त्यांचं म्हणणं. चावतो म्हणजे किती, असं मी विचारलं. त्यांना सांगता येईना. मी हसले, आणि त्यांना ते दिसलं.

मात्र तक्रार मी टोलवली नाही, एवढं स्वतःच्या बाजूने सांगते. ब्रेकची पकड मोजायची एक रीत मला ठाऊक होती. मोठमोठ्या खाणींत ती वापरतात, आमच्याकडे कोणी वापरत नव्हतं. ब्रेक न उघडता, तो आवळलेलाच ठेवून मोटरला करंट द्यायचा, अगदी थोडा थोडा वाढवत. मोटर ड्रम फिरवायला बघते, ब्रेक फिरू देत नाही. एका क्षणी ब्रेक हरतो आणि ड्रम जरासा सरकतो. त्या क्षणी मीटरवर जेवढे अँपिअर, तेवढी ब्रेकची पकड. दार आतून कोणी धरून ठेवलं असेल तर ते किती जोराचं आहे हे बाहेरून ढकलूनच कळतं, तसंच. आमच्या विंचच्या मोटरला करंट आणि जोर यांचा हिशेब सरळ होता. दुप्पट करंट, दुप्पट जोर. कागदावर मांडून मी काढलं होतं की ब्रेक शंभर अँपिअरच्या वर टिकला पाहिजे. खाली सरकला तर ब्रेक बाद.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. दसऱ्याला खाण बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, मी टेस्ट घेतली. पॅनलची खोली विंचच्या मागे आहे, तिथून उतार दिसत नाही. काकांना मी हातब्रेक सोडायला सांगितला. तयार का विचारलं, ते तयार म्हणाले. मी करंट वाढवत गेले. ऐंशी, नव्वद, शंभर. ड्रम हलेना. मला इतका आनंद झाला की काय सांगू. एकशे अठराला ड्रम एक बोटभर सरकला, मी लगेच बंद केलं.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं, ब्रेक ठीक, एकशे अठरा अँपिअर, आणि खाली सही केली. मग रजिस्टर काकांपुढे धरून म्हटलं, हे बघा तुमचं चावणं. जवळ उभे असलेले दोघे-तिघे हसले. काकांनी तो आकडा बराच वेळ पाहिला, टोपी काढून डोकं खाजवलं आणि कामाला लागले. त्यानंतर ब्रेकबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

सहाव्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, भरलेली ट्रॉली अर्ध्या उतारावर असताना खालून लाल झेंडी दाखवली गेली. बार्ज हलवायचा होता. काकांनी ट्रॉली थांबवली, ब्रेक बसला. ट्रॉली क्षणभर उभी राहिली आणि मग चालायला लागली. काकांनी हातब्रेकवर सगळं अंग टाकलं. ड्रममधून धूर निघाला, वेग थोडा मोडला, पण ट्रॉली काही थांबली नाही. खालचा लाकडी अडसर तोडून ती आडवी झाली. झेंडी दाखवणाऱ्या बाईने बाजूच्या खाजणात उडी मारली म्हणून वाचली. तिचा गुडघा फुटला आणि चिखलाने ती ओळखू येत नव्हती. मी खाली धावत गेले तेव्हा ती मलाच विचारत होती, वर तांडेल बरा आहे ना.

विंच सील झालं. बारा दिवसांनी मोठ्या ऑफिसातून साहेब येऊन चौकशी करणार असं ठरलं. आमचे मॅनेजर वाईट माणूस नव्हते. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं, माझी सही पाहिली आणि म्हणाले की ब्रेक तर ठीक होता, तुम्हीच मोजला आहे, मग उरलं काय? उरला माणूस. ट्रॉली थोडी पुढे घ्यावी म्हणून तांडेलने ब्रेक उघडला असणार आणि मग सावरता आली नसणार, असा तर्क निघाला, आणि तांडेलने तशी लेखी कबुली द्यावी असं ठरलं. काका म्हणत होते की ब्रेक बंद होता आणि तरी ट्रॉली गेली. माझा आकडा म्हणत होता की असं होऊच शकत नाही.

काकांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. विंच चालवायचा परवाना काढून घेतला तर ते वर्ष कुठेतरी गेटवर बसून काढावं लागलं असतं. पण खरं भय ते नव्हतं. आमच्या किनाऱ्यावर माणसाच्या नावाला एखादी गोष्ट चिकटली की तिसऱ्या पिढीपर्यंत राहते. ट्रॉली सोडलेला तांडेल, खाली बाई उभी असताना. ते नाव घेऊन त्यांना रोज बंदरावर बसायचं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. आसपास कोणी नव्हतं.

"बाय, मी सही करून टाकतंय," ते म्हणाले. "यंत्र खोटा नाय बोलणार. माजाच हात सैल पडला आसंल. मना आठवत नाय, पण पडला आसंल."

त्यांचं वाईट वाटलं मला, खरंच वाटलं. आणि धीर द्यावा म्हणून मी जे बोलले ते आज आठवलं तरी कान तापतात. मी म्हटलं, वयात होतं असं, काका. ते मान हलवून गेले. सही चौकशीच्या दिवशी, सोमवारी करायची ठरली.

रविवारी मी घरी अहवालाची कागदपत्रं लावत बसले होते. अपघाताआधीची विंचचा एखादा फोटो जोडा असं मॅनेजरांनी सांगितलं होतं. खाणीच्या ग्रुपवर शोधता शोधता खंडेनवमीचे फोटो सापडले. विंचला झेंडूच्या माळा, गिअरबॉक्सला हळदकुंकू, सगळे ओळीने उभे, मीही एका कडेला साडीत. पुढच्या फोटोत उताराच्या डोक्यावर उभी असलेली ट्रॉली होती. तिलाही माळ होती. ट्रॉली काठोकाठ भरलेली, दगडांच्या ढिगावर नारळ ठेवलेला, आणि मागे दोर ताठ.

मी तो फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. एरवी शिफ्ट संपली की ट्रॉली दोरापासून सोडून सपाटीवर उभी करतात. टेस्टच्या सकाळी ती तशीच सोडलेली असणार, असं मी धरून चालले होते. विचारलं नव्हतं. पंधरा पावलं चालून उताराच्या तोंडाशी जाऊन पाहिलंही नव्हतं.

आई मासळी निवडत होती. जेवून जा म्हणाली. मी स्कूटर काढली.

काकांचं घर हर्णे आणि मुरुडच्या मधे, रस्त्यापासून जरा आत. काका घरापुढच्या खळ्यात खुर्चीवर बसले होते. त्यांची अडीच-तीन वर्षांची नात त्यांच्या गुडघ्याला धरून दोन्ही हात वर करत होती, आणि ते तिला आजीकडे जा, आजीकडे जा म्हणत होते. काकूंनी चहा आणला. काकांनी बशी दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं, चहा गरम असेल.

मी फोटो दाखवला आणि टेस्टच्या सकाळी ट्रॉली कुठे होती ते विचारलं. ते म्हणाले, तिथंच, आणि कुठं. पूजेनंतर रात्री हातब्रेक लावून ठेवलेली, दसरा संपून सकाळी तुम्ही सांगितल्यावर सोडला. मी विचारलं, भरलेली? दोरावर?

"सणाला रिकामी ठेवतात काय, बाय?" ते जरा दुखावूनच म्हणाले. "पावसाळ्यात होडी शाकारून ठेवली तरी आमी टोपलीभर मीठ तिच्यात ठेवतंव. रिकामी नाय ठेवत. ट्रॉलीपण मीच भरून घेतलेली, दर वर्षी घेतंय."

दर वर्षी. आणि मी पाच वर्षं पूजेला उभी राहून पेढा खाऊन परत येत होते.

मग मी त्यांना दाराचंच उदाहरण दिलं. म्हटलं, काका, मी मोटरने वर ओढायच्या बाजूला जोर लावला. ट्रॉली रिकामी आणि सुटी असती तर माझ्याविरुद्ध फक्त ब्रेक उभा असता. पण भरलेली ट्रॉली दोरावर होती, ती खाली ओढत होती. म्हणजे आतून दार धरणारे दोघे होते. एकशे अठरा त्या दोघांचे मिळून. मी सगळे एकट्या ब्रेकच्या नावावर लिहिले.

त्यांनी बशी खाली ठेवली. विचारलं की मग ब्रेक खरंच हलका होता काय. मी म्हटलं, उद्या पुन्हा मोजल्याशिवाय मी आता काहीच म्हणणार नाही. हे बोलताना मला रडू आलं आणि ते लपवायला मी चहा एका घोटात प्यायले, तोंड भाजलं.

सोमवारी साहेब आले ते घाईत होते. कबुलीचा कागद टाइप होऊन तयार होता. मी मॅनेजरांना म्हटलं की सहीच्या आधी टेस्ट परत घ्यायची आहे. का, असं त्यांनी विचारल्यावर सगळ्यांसमोर सांगावं लागलं की पहिली चुकीची होती आणि चूक माझी होती. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांनी विचारलं, मॅडम, ट्रॉली लागलेली आहे की नाही हे बघायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, अर्धं मिनिट. मग आम्ही सगळे विंचकडे निघालो.

ब्रेकला अपघातानंतर कोणी हात लावला नव्हता, सील तसंच होतं. दोराला आता ट्रॉली नव्हतीच, ती खाली मोडून पडलेली. तरी या वेळी मी उताराच्या तोंडापर्यंत चालत गेले, दोराचं रिकामं टोक हातात घेऊन पाहिलं आणि मग पॅनलशी आले. काकांना हातब्रेक सोडायला सांगितलं. त्यांनी आधी चपला काढल्या. साहेब काहीतरी बोलणार होते, मॅनेजरांनी त्यांना हाताने थांबवलं.

मी करंट वाढवत गेले. तीस, चाळीस, पन्नास. साठ. काटा साठच्या पुढे सरकत असताना विंचवरून काकांचा आवाज आला.

"सुटला."

मला मीटरवर काहीच दिसलं नव्हतं. ड्रमवर खडूची खूण केली होती, तिथे बसवलेल्या मुलाने वाकून पाहिलं आणि मान हलवली, हो, सरकलाय. चौसष्ट. शंभर हवे होते तिथे चौसष्ट. भरलेली ट्रॉली नुसती उभी धरायलाच चोपन्न लागत होते, दोन्ही मिळून तेच एकशे अठरा. म्हणजे सकाळी गार असताना ब्रेक ट्रॉली कशीबशी धरायचा. चार फेऱ्या झाल्या, तापला, की तेवढंही बळ उरत नव्हतं. मेकॅनिकने ब्रेक खोलला. गिअरबॉक्सचं ऑइल-सील पाझरून तेल आत उतरलं होतं, ब्रेकच्या पकडीचं अस्तर म्हणजे लायनिंग काळं चकचकीत झालेलं. बोट लावलं तर बोट घसरत होतं.

साहेबांनी कबुलीचा कागद मॅनेजरांकडे परत दिला. मॅनेजरांनी तो फाडला नाही, फायलीत उलटा घातला, ऑफिसात असंच चालतं. माझ्यावर मेमो निघाला, तो योग्यच होता. रजिस्टरमधल्या 'ठीक' वर मी आडवी रेघ मारली, का मारली ते शेजारी लिहिलं आणि तारीख घालून पुन्हा सही केली. दोन्ही सह्या अजून तिथे एकाखाली एक आहेत. टेस्टच्या नियमांत पहिली ओळ आता अशी आहे की उताराच्या तोंडाशी जाऊन दोर मोकळा आहे हे स्वतः पाहावं. आणि दुसरी अशी की विंच चालवणाऱ्याला ब्रेक कसा लागतो हे आधी विचारावं आणि तो म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहावं. 'चावत नाही' असं लिहिलेलं एक पान आमच्या सरकारी तपासणीतून पास झालं आहे.

त्या दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा काका विंचघराच्या पायरीवर बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. माफी मागायची होती. वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी बाजूला ठेवली. शेवटी म्हटलं, काका, माझं चुकलं. ब्रेकचं चुकलं ते चुकलंच, पण वयात होतं म्हणाले ते फार चुकलं.

ते उजवा तळवा उघडून त्याच्याकडे बघत राहिले, उलटा केला, परत सुलटा केला.

"बारा दिस झाले, नातीला उचलून घेतली नाय," ते म्हणाले. "वाटायचं, हातातून सुटंल."

मला कालची ती पोर आठवली, गुडघ्याला धरून हात वर करणारी. आणि दोन हातांनी धरलेली बशी. मी तिथे समोर बसून चहा पीत होते आणि मला काहीसुद्धा कळलं नव्हतं.

काकांनी चपला पायात सरकवल्या आणि आज लवकर जाऊ काय, असं विचारलं. नातीची बालवाडी साडेबाराला सुटते, म्हणाले. घड्याळात बारा वाजून गेले होते. मी म्हटलं, जा. अर्ज मागितला नाही.